आधी दवाखाना, मग मोठे इस्पितळ

मंडळातल्या एका वहिनींना गळ्याला गाठ लागली. घाबरून दोघे नवराबायको सकाळीच थेट विद्यापीठाच्या इस्पितळात गेले. दोन तासांनी खिडकीवर कळले, की डॉक्टरची चिठ्ठी नाही म्हणून ७७०० येन जादा पडतील, आणि त्या विभागात चिठ्ठीशिवाय तारीखच मिळत नाही. तसेच परत आले. संध्याकाळी आम्हाला फोन.

चूक त्यांची म्हणवत नाही. पुण्या-मुंबईला आपण थेट स्पेशालिस्टच गाठतो. इथेही १९६१ पासून सर्वांना विमा आहे आणि कुठल्याही दवाखान्यात जायची मुभा आहे. तेव्हा मोठे इस्पितळही तसेच, असे वाटणारच. पण विद्यापीठांची बहुतेक इस्पितळे आणि सरकारने नेमलेली २०० वा अधिक खाटांची इस्पितळे चिठ्ठी नसल्यास पहिल्या भेटीला किमान ७००० येन जादा घेतात (ऑक्टोबर २०२२ पासून, आधी ५००० होते). ही रक्कम विम्यात बसत नाही.

या चिठ्ठीला शोकाइजो म्हणतात. तिची किंमत २५०० येन, त्यातले आपल्याला ३० टक्के, म्हणजे ७५० येन. मागायला संकोच वाटतो, डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल म्हणून. तसे मुळीच नाही. ‘शोकाइजो ओ काइते इतादाकेमासु का’ एवढे वाक्य पाठ करावे. पाकीट बंद असते. ते फोडू नये, तसेच खिडकीवर द्यावे.

तातडीच्या वेळी मात्र चिठ्ठीची वाट पाहू नका, ११९ फिरवा. अशा रुग्णाला ही जादा रक्कम लागत नाही. रात्री मूल तापले आणि काय करावे सुचेना, तर # दाबून ८००० वर सल्ला मिळतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींबरोबर स्टेशनजवळच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त घेतले, आणि आकडे आल्यावर चिठ्ठी लिहून त्याच इस्पितळाची तारीखही स्वतः फोन करून घेतली. थायरॉइडचे आकडे चिठ्ठीतच असल्याने तिथे पुन्हा सुई टोचावी लागली नाही. गाठ साधी निघाली. मग इस्पितळाने त्यांना पुन्हा दवाखान्याकडेच पाठवले. वहिनींना हे आवडले नव्हते, मोठ्या डॉक्टरांनीच बघावे असे त्यांचे म्हणणे. पण असे पाठवल्यावरही हट्टाने तिथेच जात राहिल्यास दर खेपेला किमान ३००० येन जादा, हे ऐकल्यावर त्या तयार झाल्या. आता सहा महिन्यांनी स्टेशनजवळच दाखवायचे आहे.