रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल : सोबत बाळगणे, घराचे रक्षण आणि नेमबाजी या तीन प्रयोजनांचा तौलनिक विचार

सारांश : एका हातात धरून चालविता येणारी अग्निशस्त्रे वरकरणी सारखी दिसत असली तरी अंगावर बाळगणे, घराचे रक्षण करणे आणि लक्ष्यावर नेम साधणे या तीन प्रयोजनांसाठी लागणारे गुण परस्परविरोधी आहेत. भारतात कायद्यामुळे निवडीचे क्षेत्र अत्यंत मर्यादित असल्याने शस्त्राच्या सामर्थ्यापेक्षा त्याचा चाप, त्याची यंत्ररचना आणि ते हातात नसताना कोठे असते हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, शस्त्र परवाना, आत्मरक्षण, नेमबाजी.

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांत ‘पिस्तूल’, ‘रिव्हॉल्व्हर’ आणि ‘गावठी कट्टा’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यामुळे ही तिन्ही एकाच वस्तूची नावे आहेत असा समज रूढ झाला आहे. गोंदिया जिल्ह्यासारख्या धानशेती आणि जंगल यांच्या सीमेवरील प्रदेशात बंदूक ही पीकरक्षणाची वस्तू म्हणून जुन्या पिढीला परिचित होती. भरमार किंवा बारा बोअरची बंदूक भिंतीवर टांगलेली असे आणि तिचे अस्तित्व साऱ्या गावाला ठाऊक असे. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल यांचे तसे नाही. ही शस्त्रे लपविता येतात, खिशात मावतात, उशाखाली राहतात. त्यांची उपयुक्तता आणि त्यांचा धोका या दोन्ही गोष्टी याच एका गुणधर्मातून निर्माण होतात.

लपविता येण्याच्या या गुणाची महाराष्ट्राच्या इतिहासाला चांगली ओळख आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. त्या वर्षाच्या आरंभी वीस ब्राउनिंग पिस्तुले लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या दुहेरी तळातून भारतात आली होती. चक्राकार सिलिंडर नसलेले, चपट्या अंगाचे शस्त्र हे त्या काळी नवे होते. जॉन ब्राउनिंग याने बेल्जियमच्या कारखान्यासाठी १९०० च्या सुमारास जे ७.६५ मिलिमीटरचे काडतूस प्रचारात आणले, तेच आज भारतीय नागरिकाला मिळणाऱ्या ०.३२ बोअरच्या पिस्तुलाचे काडतूस आहे. सव्वाशे वर्षांत तंत्रज्ञान कोठल्या कोठे गेले. आपल्या परवान्यावरील काडतूस मात्र तेथेच आहे. याचे कारण तांत्रिक नसून कायदेशीर आहे.

कायद्याने आखलेली चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनी अग्निशस्त्रांचे ‘प्रतिबंधित बोअर’ आणि ‘अप्रतिबंधित बोअर’ असे दोन वर्ग मानले आहेत. सैन्य व पोलीस वापरतात ती काडतुसे ज्यात बसू शकतील, अशी शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळू नयेत हे या विभागणीमागील तत्त्व होय. सरकारी कोठारातून एखादे काडतूस बाहेर गेले तरी ते खासगी शस्त्रात निरुपयोगी ठरावे, हा वसाहतकालीन सावधपणा स्वतंत्र भारताने तसाच स्वीकारला. परिणामी ९ मिलिमीटर, ०.३८० आणि ०.४५५ ही काडतुसे वर्ज्य ठरली आणि सामान्य परवानाधारकासाठी मुख्यतः ०.३२ आणि ०.२२ बोअर शिल्लक राहिले. परदेशी ग्रंथांत ‘कोणते काडतूस घ्यावे’ यावर पानेच्या पाने खर्ची पडलेली आढळतात. आपल्याकडे तो प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. लग्नात किंवा मिरवणुकीत हर्षभराने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे एक व्यावहारिक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ०.३२ चे पिस्तूल यांची काडतुसे एक नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे कवच सुमारे २३ मिलिमीटर लांब व रुंद कडेचे असते. पिस्तुलाचे सुमारे १७ मिलिमीटर. बोअरचा आकडा सारखा असल्याने दोन्हींत गोंधळ होण्याचा संभव राहतो.

यंत्ररचनेतील भेद

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरांचे एक चक्र असते. चाप ओढताच चक्र एका घराने फिरते, घोडा मागे जातो आणि सुटून काडतुसावर आदळतो. हे सर्व काम बोटाच्या बळावर होत असल्याने चाप जड असतो. साधारणतः चार ते पाच किलोग्रॅम इतका जोर द्यावा लागतो. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवल्यास मात्र हाच जोर निम्म्याहून कमी होतो. पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात; गोळी सुटल्यावर मागे येणारा धक्का रिकामे कवच बाहेर फेकतो आणि पुढचे काडतूस नळीत ढकलतो. भारतीय आयुध निर्माणीच्या ०.३२ पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये आठ काडतुसे मावतात.

जड चाप ही रिव्हॉल्व्हरची उणीव समजली जाते. प्रस्तुत लेखकास ते त्याचे सर्वांत मोठे संरक्षण वाटते. नानावटी खटल्याची येथे आठवण होते. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांचा रिव्हॉल्व्हरच्या तीन गोळ्यांनी मृत्यू झाला. झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या हा बचाव ज्यूरीने मानला. उच्च न्यायालयाने आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्या निर्णयामागे अनेक पुरावे होते; तथापि ज्या शस्त्रात प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, त्यातून तीन गोळ्या ‘चुकून’ सुटणे किती अवघड आहे, हे यंत्ररचना जाणणाऱ्यास सहज उमगते.

पिस्तुलाचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. मॅगझीन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज प्राणघातक आहे. आधी नळीत चढलेले काडतूस मॅगझीन काढल्यावरही तेथेच राहते. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाही घरे डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाची नळी मात्र वरची सरकपट्टी मागे ओढून मुद्दाम पाहावी लागते. या पाहण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल देऊ नये.

सोबत बाळगण्याचे शस्त्र

अंगावर दिवसभर बाळगावयाचे शस्त्र हलके, चपटे आणि आखूड असावे हे उघड आहे. या कसोटीवर पिस्तूल सरस ठरते, कारण त्यात चक्राचा फुगीर भाग नसतो. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे स्त्रियांसाठी म्हणून रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम, पूर्वीच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरचे सुमारे ७०० ग्रॅम. हलकेपणाचे कौतुक झाले, पण भौतिकशास्त्राचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही. काडतूस तेच असेल तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार शस्त्राच्या मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे ७०० ग्रॅमऐवजी ५०० ग्रॅमचे शस्त्र हाताला सुमारे ४० टक्के अधिक धक्का देते. ज्या व्यक्तीला सराव नाही तिच्यासाठी हलके शस्त्र सोयीचे असते ते पर्समध्ये, हातात नव्हे. शिवाय त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या कामगार स्त्रीला ती कशी परवडणार, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

आखूड नळीचा आणखी एक परिणाम आहे. पुढील व मागील माशीत १०० मिलिमीटर अंतर असेल आणि नेम धरताना १ मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर २२० मिलिमीटर असल्यास चूक सुमारे साडेचार सेंटिमीटर राहते. खिशात मावणारे शस्त्र म्हणूनच खोलीच्या लांबीपलीकडे फारसे भरवशाचे नसते.

आमगावच्या वाचकाच्या दृष्टीने मात्र हा सारा विचार एका साध्या गोष्टीपाशी अडतो. परवान्यावर क्षेत्रमर्यादा लिहिलेली असते. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला व्यापारी लांजीच्या बाजारात गेला तर तो मध्य प्रदेशात असतो. बम्लेश्वरीच्या दर्शनाला रेल्वेने डोंगरगडला उतरला तर छत्तीसगडमध्ये. क्षेत्राबाहेर शस्त्र बाळगणे हा परवान्याच्या अटींचा भंग होय. त्याखेरीज सण-उत्सवांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये शस्त्रबंदीचे आदेश निघतात आणि निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ या एकाच वर्षात आमगाव विधानसभा क्षेत्रात १९ एप्रिलला लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मतदान झाले. रोख रक्कम सोबत नेणाऱ्या राईस मिल मालकाने अशा काळात सुरक्षिततेचा विचार शस्त्राशिवायच करावयाचा असतो. मग तो वर्षभर तसाच का करू नये, असे विचारावेसे वाटते.

घरातील शस्त्र

घरातील शस्त्राला वजनाची वा आकाराची अडचण नाही. येथे विरोध आहे तो तत्परता आणि सुरक्षितता यांत. रात्री चटकन हाती यावे म्हणून भरून उशाशी ठेवलेले शस्त्र मुलांच्याही हाती चटकन येते. आणि काडतुसे वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवली तर दार फोडणाऱ्याच्या आधी ती हाती येतील याची शाश्वती नाही. २०१६ च्या नियमांनी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून घेण्याची तरतूद केली, ती योग्यच होय. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईतील राहत्या घरून प्रवासास निघत असताना त्यांचे परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले आणि त्यातून सुटलेली गोळी त्यांच्या पायात शिरली. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरांत घोडा काडतुसावर टेकलेला असेल तर पडण्याच्या आघातानेही गोळी सुटू शकते. घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने पडली. आधुनिक रचनेत घोडा व काडतूस यांच्यामध्ये आडपट्टी असते. विकत घेताना ती आहे की नाही हे अवश्य विचारावे.

वर्षातून चार-पाच गोळ्याही न झाडणाऱ्या गृहस्थासाठी, शस्त्र ठेवावयाचेच असेल तर, रिव्हॉल्व्हर श्रेयस्कर असे माझे मत आहे. आपल्याकडील पावसाळा चार महिन्यांचा. दमट हवेत काडतुसे जुनी होतात. काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढताच पुढचे घर समोर येते. पिस्तुलात दोन्ही हातांनी सरकपट्टी ओढून ते बाहेर काढावे लागते आणि अंधारात, भयभीत अवस्थेत ते साधत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ अशी खूण असलेली काडतुसे वर्षानुवर्षे डब्यात जपून ठेवणारी घरे कमी नाहीत. ती जपण्याऐवजी सरावात संपवावीत हे उत्तम.

०.३२ च्या गोळीची ऊर्जा सुमारे १७५ जूल, म्हणजे ९ मिलिमीटरच्या गोळीच्या निम्म्याहूनही कमी असते. तरीही लाकडी दार किंवा पत्र्याची भिंत ती सहज भेदते. मातीच्या जाड भिंतींची आणि कवेलूच्या छपरांची घरे जाऊन पत्र्याच्या खोल्या आणि प्लायवूडची दारे आल्यावर दारापलीकडे कोण आहे, हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. कायदाही तेच विचारतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. रात्रीच्या घरफोडीत तो हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत जाऊ शकतो. परंतु कलम ३७ नुसार संरक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणारा गृहस्थ या कलमाच्या आश्रयाला येऊ शकेलच असे नाही.

नेमबाजीचे शस्त्र

नेमबाजीत शस्त्राचे सर्व गुण उलटे होतात. येथे चाप हलका हवा, नळी लांब हवी, वजन अधिक हवे आणि मूठ खेळाडूच्या तळव्याच्या मापाने घडविलेली हवी. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ०.२२ चे काडतूस वापरतात. शस्त्राचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत आणि चापाचा जोर किमान १००० ग्रॅम असावा लागतो. १० मीटर एअर पिस्तुलात हा जोर अवघा ५०० ग्रॅम असतो. म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीचे वजन. रिव्हॉल्व्हरच्या पाच किलोशी याची तुलना केली असता ही दोन शस्त्रे एकमेकांच्या जागी का वापरता येत नाहीत हे स्पष्ट होते. असा चाप कमरेला बाळगणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात अनिसा सय्यद यांनी सुवर्ण व कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्य मिळविले. दुहेरीत दोघींनी मिळून सुवर्ण जिंकले. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी ३४ गुणांच्या बरोबरीनंतर दोन शूट-ऑफ खेळून सुवर्णपदक पटकाविले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य केवळ तीन सेकंद समोर येते आणि तेवढ्यात हात खालून वर आणून एकच गोळी झाडावयाची असते. तीन सेकंदांचे हे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावातून येते. कपाटात रिव्हॉल्व्हर ठेवणारा गृहस्थ ज्या प्रसंगाची कल्पना करतो, त्यात त्याला याहून अधिक वेळ मिळण्याची शक्यता नाही.

स्पर्धेचे शस्त्र नाजूकही असते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, १० मीटरच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली; २०२४ मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एअर पिस्तुलाचा मार्ग सर्वांत खुला आहे. ०.१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या हवेच्या शस्त्रास परवाना लागत नाही. दहा मीटरची मोकळी जागा, मागे गोळी अडविणारी भक्कम भिंत आणि जाणकार प्रशिक्षक एवढ्यावर सरावाची सुरुवात होते. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. वरळीचे व बालेवाडीचे नेमबाजी केंद्र गोंदियाहून दूर आहे. महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाला मात्र एका रिकाम्या लांब खोलीत हे करता येण्यासारखे आहे.