तीन भोकं आणि गिरणीचं सूत

आमच्या कपाटात वेताळाच्या सात अंकांचा एक गठ्ठा आहे. वडिलांनी शिवलेला. दाभणाने तीन भोकं पाडायची, गिरणीतलं सूत दुहेरी पिळायचं, त्यावर मेणबत्ती घासायची आणि ओवायचं. वर खाकी कागद. आमच्या गल्लीतला भाड्याने पुस्तकं देणारा मुखपृष्ठं फाडून बांधणी करायचा. वडिलांनी एकही मुखपृष्ठ फाडलं नाही. गिरणीतली दिवसपाळी सुटली की ते घरी येत, हातपाय धुवत आणि मला म्हणत, "आधी हात धू, मग पान उलट."

हे अंक इंद्रजाल कॉमिक्सचे. बेनेट कोलमन कंपनीने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली, तेव्हा अंकाची किंमत होती साठ पैसे. ली फॉकने १९३६ साली जन्माला घातलेला फँटम मराठी पोरांना वेताळ म्हणून भेटला. मूळ कथेतलं बेंगाला इथे डेंकाली झालं, कारण ते नाव बंगालच्या फार जवळ जात होतं. पानांत बसावं म्हणून कित्येक चौकटी कापल्याही गेल्या. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, अस्सल इथल्या मातीतला. मासिकाचं पाक्षिक, पाक्षिकाचं साप्ताहिक होत ही मालिका १९९० मध्ये थांबली, तोवर आठशेवर अंक निघाले होते. ते वाचले गेले, उसने गेले, फाटले आणि रद्दीत गेले. म्हणूनच आज संग्राहक जुन्या अंकासाठी चढाओढीने बोली लावतात.

या बाजाराचा मोठा दरवाजा अमेरिकेत आहे. तिथे अंक तपासून त्याला दहापैकी गुण देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करतात. घडी, डाग, गंजलेली पिन, जोडलेलं पान, प्रत्येक गोष्टीने गुण उतरतात. २० नोव्हेंबर २०२५ रोजी 'सुपरमॅन'चा १९३९ सालचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरना गेला. तेव्हाच्या भावाने ऐंशी कोटी रुपयांच्या घरात. तीन भावांना तो आईच्या पश्चात, घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखालच्या खोक्यात सापडला. महागाचे अंक ठेवलेत, असं आई सांगायची. उत्तर कॅलिफोर्नियातल्या थंड हवेने तो जपला आणि त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले.

आमच्या सोलापूरच्या माळ्यावर असा कागद टिकत नाही. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं आणि उन्हाळ्यातलं बेचाळीस अंशांचं ऊन ते काम लवकर उरकतं. कडा तपकिरी होतात, पान दुमडलं की कोपरा हातात येतो. उरलंसुरलं कसर फस्त करते.

संग्राहकांच्या एका गटात फोनवरच लिलाव चालतो. मागच्या वर्षी तिथे मी गठ्ठ्याचे फोटो टाकले. एका जाणत्याने आपुलकीने कळवलं, "मुखपृष्ठं झकास आहेत. पण प्रत्येकाला तीन भोकं. दोरा काढा, अंक सुटे करा, तरी निम्मी किंमत गेलीच." त्याचं चुकलं नव्हतं. लिलावात न हाताळलेल्या अंकाला मोल मिळतं, आणि हे अंक तर हाताळण्यासाठीच शिवलेले. मला त्या भोकांत वडिलांचा हात दिसतो. वरचं भोक तिरकं आहे, मधलं जरा मोठं, दाभण दोनदा घातल्यासारखं. मी बोली सुरू होण्याआधीच गटातून फोटो काढून टाकले.

या श्रावणात वरचा दोरा तुटला. गिरणीचा भोंगा कधीच थांबलाय, तिथलं सूत आता मिळायचं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या एका मागवाल्याकडे गेलो. गठ्ठा पाहून त्याने विचारलं, "किती पदरी हवं?" वडिलांच्या दोऱ्याचा तुकडा दाखवला. त्याने तो उलगडून पाहिला आणि तेवढ्याच जाडीचं सूत दिलं. घरी येऊन मेणबत्ती घासली आणि जुन्याच तीन भोकांतून दोरा ओवला. नवं भोक पाडलं नाही.