कोड आणला, पण बिल्ड का होत नाही?

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गणियारी नावाचं गाव आहे. तिथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात ‘बहम्नी’ ही रुग्णनोंदींची मुक्त संगणक प्रणाली पहिल्यांदा वापरात आली. तिचा पाया म्हणजे ‘ओपनएमआरएस’. २००४ मध्ये सुरू झालेला हा मुक्त प्रकल्प प्रामुख्याने जावात लिहिलेला आहे आणि त्याचा सगळा कोड कुणालाही उतरवून घेता येतो. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळमध्ये बसलेला विद्यार्थीही तो वाचू शकतो, सुधारू शकतो, सुधारणा परत पाठवू शकतो.

अडतं ते पहिल्याच पायरीवर. कोड उतरवून एक्लिप्स किंवा इंटेलिजे या आयडीईत, म्हणजे कोड लिहिण्या-बांधण्याच्या प्रोग्राममध्ये, उघडला की फाइलींवर लाल खुणा उमटतात आणि चुकांचा आकडा शेकड्यात जातो. ज्या प्रोग्रामवर जगभरची रुग्णालयं चालतात, त्यात एवढ्या चुका कशा असतील? त्या नसतातच. कोड ठीक असतो, त्याला लागणारी व्यवस्था आपल्या लॅपटॉपवर जुळलेली नसते. ‘आपल्याला जावाच येत नाही’ असं समजून अनेक मुलं इथे थांबतात. ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेतलं, तर थांबायची गरज पडत नाही.

आयडीईला काय ठाऊक असतं?

कोणत्याही जावा प्रकल्पात चार गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या असतात: आपण वाचतो तो सोर्स कोड, तो कसा बांधायचा हे सांगणारी बिल्ड फाइल, बांधणारा जेडीके आणि बाहेरून आणायच्या लायब्ररी, म्हणजे डिपेंडन्सी. आयडीई यांपैकी काहीच स्वतः ठरवत नाही. ती बिल्ड फाइल वाचते आणि त्यावरून स्वतःपुरती टिपणं तयार करते. एक्लिप्समध्ये ही टिपणं ‘.प्रोजेक्ट’ आणि ‘.क्लासपाथ’ या फाइलींत असतात, इंटेलिजेमध्ये ‘.आयडिया’ या फोल्डरमध्ये.

आपल्या भागात धानाची रोवणी करताना परे तेच असतात, पण नव्या बांधीत चिखलणी आणि पाणी नसेल तर ते धरत नाहीत. कोड एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना हेच घडतं. म्हणून लाल खुणा दिसल्या की कोडला हात लावू नका. आधी बांधी तपासा.

पहिली तपासणी टर्मिनलमध्ये

आयडीई बंद करा आणि प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये कोणती बिल्ड फाइल आहे ते पाहा. ‘पॉम.एक्सएमएल’ असेल तर प्रकल्प मेव्हन या बिल्ड साधनाचा, ‘बिल्ड.ग्रेडल’ असेल तर ग्रेडलचा, ‘बिल्ड.एक्सएमएल’ असेल तर जुन्या पद्धतीच्या अँटचा. सोबत ‘एमव्हीएनडब्ल्यू’ किंवा ‘ग्रेडलडब्ल्यू’ नावाची फाइल असेल, तर तिच्यामार्फतच बिल्ड चालवा. ही रॅपर फाइल मूळ लेखकांनी ठरवलेली मेव्हनची किंवा ग्रेडलची नेमकी आवृत्ती स्वतः आणते.

मेव्हनसाठी ‘क्लीन इन्स्टॉल’ आणि ग्रेडलसाठी ‘बिल्ड’ ही आज्ञा द्या. सुरुवातीला चाचण्या वगळल्या तरी चालेल. इथे बिल्ड झालं तर कोड, जेडीके आणि डिपेंडन्सी तिन्ही जागेवर आहेत, दोष फक्त आयडीईच्या टिपणांत किंवा सेटिंगमध्ये आहे. इथेच अडलं तर आयडीईच्या मेनूत कितीही शोधलं तरी उत्तर मिळणार नाही. शोध निम्म्यावर आणणारी ही तपासणी बहुतेक जण शेवटी करतात.

बिल्ड अडल्यावर पडद्यावर शेवटी जे दिसतं, तो बहुधा परिणाम असतो. वर सरकत जाऊन पहिली चूक शोधा. एक लायब्ररी मिळाली नाही की तिच्यातला प्रत्येक क्लास ‘सापडत नाही’ असं कंपायलर सांगतो. म्हणून शेकडो चुकांमागे कारण एकच असू शकतं.

फोल्डर योग्य पातळीवरून उघडा

मोठे प्रकल्प अनेक भागांत विभागलेले असतात. ओपनएमआरएसच्या गाभ्यात ‘एपीआय’, ‘वेब’, ‘वेबअ‍ॅप’ असे वेगवेगळे मॉड्यूल आहेत. प्रत्येकाची स्वतःची पॉम फाइल आहे आणि त्या सगळ्यांवर एक पालक पॉम आहे. डिपेंडन्सींच्या आवृत्त्या त्या पालक फाइलमध्ये ठरतात. फक्त ‘वेब’ उघडलं तर त्याला शेजारचं ‘एपीआय’ सापडेलच असं नाही. त्यामुळे नेहमी सर्वांत वरचं फोल्डर निवडा. एक्लिप्समध्ये साधा ‘एक्झिस्टिंग प्रोजेक्ट’ न निवडता ‘एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स’ निवडा. इंटेलिजेमध्ये मुख्य पॉम फाइल उघडून ‘ओपन अ‍ॅज प्रोजेक्ट’ म्हणा.

‘डिक्लेअर्ड पॅकेज जुळत नाही’ अशी तक्रार आली, तर आयडीईने सोर्सचं मूळ फोल्डर चुकीचं धरलं आहे. मेव्हन आणि ग्रेडल दोन्हीत ते ठरलेलं असतं: ‘एसआरसी’, त्यात ‘मेन’, त्यात ‘जावा’. जुन्या अँट प्रकल्पांना असा नियम नसतो, तिथे ते हाताने दाखवावं लागतं.

जावाची आवृत्ती: सर्वाधिक वेळ खाणारी अडचण

एकाच लॅपटॉपवर जावा किमान तीन ठिकाणी ठरते. टर्मिनल ‘जावा_होम’ पाहतं, आयडीईत प्रकल्पाचा एसडीके, म्हणजे तिथे निवडलेला जेडीके, वेगळा असतो आणि ग्रेडल कोणत्या जावावर चालवायचं ही सेटिंग त्याहून निराळी असते. तिन्ही वेगवेगळ्या असल्या की टर्मिनलमध्ये चालणारं बिल्ड आयडीईत अडू शकतं.

चुकीबद्दलचा संदेश नीट वाचला तर आवृत्ती त्यातच कळते. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ यातल्या ६१ मधून ४४ वजा करा, १७ उरतात. म्हणजे जावा १७. याच हिशोबाने ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११ आणि ६५ म्हणजे २१. जुनं ग्रेडल नव्या जावावर चालवलं की हा संदेश हमखास येतो. जावा १७ वर चालायला ग्रेडल किमान ७.३ लागतं.

उलटही घडतं. ‘जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड’ सापडत नाही असं दिसलं, तर कोड जावा ८ च्या काळातला आहे, कारण हा भाग जावा ११ मधून काढून टाकला गेला. ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज’ असं आलं, तर प्रकल्पाला तुमच्याकडे आहे त्याहून नवा जेडीके हवा आहे.

एक्लिप्समध्ये आणखी एक प्रकार त्रास देतो. आपण प्रकल्पाची जावा आवृत्ती सेटिंगमध्ये बदलतो, पण ‘अपडेट प्रोजेक्ट’ केलं की ती पुन्हा १.५ वर जाते. पॉममध्ये आवृत्ती लिहिलेलीच नसते, म्हणून मेव्हनचं जुनं गृहीत मूल्य लागू होतं. उपाय पॉममध्येच आहे: ‘मेव्हन.कंपायलर.सोर्स’ आणि ‘मेव्हन.कंपायलर.टार्गेट’ या दोन ओळी लिहा. बिल्ड फाइलमधली दुरुस्ती टिकते आणि सगळ्यांना मिळते, आयडीईतली पुढच्या अपडेटला पुसली जाऊ शकते.

डिपेंडन्सी आणि मोबाइलचं नेट

पहिल्या बिल्डला मेव्हन किंवा ग्रेडल सगळ्या लायब्ररी इंटरनेटवरून आणतं. मोठ्या प्रकल्पात हे काम शेकडो एमबींत जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मध्येच रेंज गेली, की मेव्हन ‘ही फाइल मिळाली नाही’ अशी नोंद करून ठेवतं आणि नेट परत आलं तरी काही काळ पुन्हा प्रयत्न करत नाही. अशा वेळी आज्ञेला ‘-यू’ हा पर्याय (मोठ्या लिपीतलं अक्षर) जोडा, म्हणजे तो प्रयत्न नव्याने होतो.

भंडाऱ्याला किंवा नागपूरला कॉलेजात चांगलं नेट मिळत असेल, तर पहिलं संपूर्ण बिल्ड तिथेच करा. आणलेल्या लायब्ररी मेव्हन आपल्या होम फोल्डरमधल्या ‘.एम२’ मध्ये आणि ग्रेडल ‘.ग्रेडल’ मध्ये साठवतं. नंतर गावी ‘ऑफलाइन’ पर्याय देऊन नेटशिवाय काम करता येतं. मात्र कॉलेजचं नेट प्रॉक्सीमधून जात असेल, तर प्रॉक्सीचा पत्ता मेव्हनच्या ‘सेटिंग्ज.एक्सएमएल’ मध्ये वेगळा लिहावा लागतो. ब्राउझर चालतो म्हणजे मेव्हनही चालेल, असं नसतं.

जुन्या कोडमध्ये, लायब्ररी जिथून येतात त्या भांडारांचे पत्तेही शिळे झालेले असतात. मेव्हन सेंट्रल या भांडाराने १५ जानेवारी २०२० पासून साधं एचटीटीपी बंद केलं आणि मेव्हन ३.८.१ पासून असे बाहेरचे पत्ते आपोआप अडवले जातात. अँड्रॉइडच्या जुन्या प्रकल्पांत दिसणारं ‘जेसेंटर’ हे भांडार बंद करण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. पत्ता एचटीटीपीएस करणं किंवा ‘जेसेंटर’च्या जागी ‘मेव्हनसेंट्रल’ लिहिणं, एवढ्याने बरेच जुने प्रकल्प पुन्हा उभे राहतात.

टिपणं पुसून नव्याने आयात

टर्मिनलमध्ये बिल्ड होतं, आयडीईत मात्र लाल खुणा राहतात, तेव्हा दोन कारणं पाहा. काही कोड बिल्डच्या वेळीच तयार होतो आणि ‘टार्गेट’मधल्या ‘जनरेटेड-सोर्सेस’ मध्ये जातो. टर्मिनलमध्ये एकदा बिल्ड करून प्रकल्प ताजा केला की तो आयडीईला दिसतो. लॉम्बॉक ही कोड तयार करणारी लायब्ररी वापरली असेल तर अ‍ॅनोटेशन प्रोसेसिंग चालू आहे का तेही तपासा. दुसरं कारण म्हणजे शिळी टिपणं. आयडीई बंद करून ‘.आयडिया’ फोल्डर किंवा ‘.प्रोजेक्ट’, ‘.क्लासपाथ’ या फाइली बाजूला काढा आणि बिल्ड फाइलवरून पुन्हा आयात करा. सोर्सला यात धक्का लागत नाही.

देवनागरीसाठी खास काळजी

मराठी मजकूर असलेला कोड विंडोजवर उघडला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. जावा १८ पासून यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग झालं. त्याआधी जावा विंडोजचं स्वतःचं एन्कोडिंग धरत असे. म्हणून पॉममध्ये ‘प्रोजेक्ट.बिल्ड.सोर्सएन्कोडिंग’ यूटीएफ-८ ठेवा. भाषांतराच्या ‘प्रॉपर्टीज’ फाइली जावा ८ वर वेगळ्या एन्कोडिंगने वाचल्या जातात, जावा ९ पासून रिसोर्स बंडल यूटीएफ-८ समजतात. प्रकल्पाच्या फोल्डरचं नाव मात्र इंग्रजीत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा, कारण अनेक बिल्ड साधनं इतर लिपीतल्या मार्गांवर अजून अडखळतात.

बिल्ड झालं की तुम्हाला नेमकं काय करावं लागलं ते लिहून काढा: कोणता जेडीके, कोणता पत्ता बदलला, कोणती ओळ जोडली. मग प्रकल्पाची ‘रीडमी’ फाइल उघडून पाहा. ही माहिती तिथे नसेल तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. मुक्त प्रकल्पांना अशा दुरुस्त्यांची फार गरज असते, कारण जुन्या जाणत्यांच्या संगणकावर सगळं आधीच जुळलेलं असतं आणि नव्याला काय नडतं ते त्यांना दिसत नाही. ते अड्याळमध्ये पहिल्यांदा कोड उघडणाऱ्याला दिसतं.