डिफ्रॅग संपत नाही? आधी कागद वाचवा!

मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन घेतलेला संगणक आज औसा तालुक्यातल्या पुष्कळ घरांत आहे. बहुतेक ठिकाणी तो नवा नसतो. कुठल्यातरी कार्यालयाने काढून टाकलेला, लातूरच्या दुकानातून आणलेला जुना डबा असतो. काही महिन्यांत तो संथ होतो. मग कोणीतरी सांगते, "डिफ्रॅग मारा." रात्री जेवणे आटोपल्यावर डिफ्रॅग लावावे आणि सकाळी पाहावे, तर आकडा दहा टक्क्यांवरच! मुलगा म्हणतो, "संगणक गेला." दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल." आणि आई विचारते, "आतल्या कागदांचे काय?"

या तिघांत आईचा प्रश्न पहिला घ्यावा, असे आम्हाला वाटते.

कारण त्या डब्यात आज काय काय असते? शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी स्कॅन केलेला उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेतला उतारा शोधायचा, तो निजामकाळातला उर्दूत निघाला तर भाषांतर करून घ्यायचे, यात किती खेटे पडतात ते भोगलेल्यालाच माहीत. कागदाची किंमत या तालुक्याला वेगळी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरे पडली, तेव्हा पेट्यांतले कागदही मातीखाली गेले होते.

म्हणून पहिले काम हे, की डिफ्रॅग थांबवा. थांबवायचे बटण दाबल्याने काही बिघडत नाही. मग महत्त्वाचे कागद आणि फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. शक्य असेल तर दोन ठिकाणी ठेवा. त्यानंतरच पुढची दुरुस्ती.

डिफ्रॅग म्हणजे नेमके काय?

औसा-लातूर एसटी डोळ्यांसमोर आणा. एका घरची सहा माणसे चढली. गाडीत सलग जागा नाही. कोणी पुढे, कोणी मागे, कोणी चालकाजवळ बसले. वाहकाला त्या एका घराची तिकिटे फाडायला सगळ्या गाडीत फिरावे लागते. हार्ड डिस्कवरही असेच होते. मोठी फाइल ठेवताना सलग जागा मिळाली नाही, तर तिचे तुकडे करून जिथे जागा मिळेल तिथे ठेवले जातात. ती फाइल उघडताना डिस्कला सगळीकडे फिरावे लागते. विखुरलेल्या कुटुंबाला पुन्हा शेजारी-शेजारी बसवणे, म्हणजे डिफ्रॅग.

आता याला वेळ का लागतो? हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. त्यावरून एक बारीक हात सरकतो आणि वाचतो-लिहितो. हात सरकणे आणि योग्य जागा फिरून खाली येणे यात दर वेळी साधारण दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. तुकडा उचलायला एकदा, ठेवायला एकदा. लाखभर तुकडे असतील तर नुसते जाणे-येणेच पाऊण तासाच्या घरात जाते. त्यामुळे जुन्या, भरलेल्या डिस्कला काही तास लागले तर घाबरू नये. विंडोज ७ मध्ये हे काम अनेक फेऱ्यांत होते आणि प्रत्येक फेरीला टक्केवारी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याला बिघाड समजू नये. परंतु रात्र उलटूनही आकडा हलत नसेल, तर पुढील कारणे याच क्रमाने तपासा.

१. जागा आहे का? खचाखच भरलेल्या एसटीत कोण कोणाला उठवून कुठे बसवणार? विंडोज एक्सपीचा डिफ्रॅग किमान १५ टक्के मोकळी जागा मागतो. नंतरच्या विंडोजमध्येही तेवढी ठेवलेली बरी. म्हणजे ८० जीबीच्या डिस्कवर १२ जीबी. रिसायकल बिन रिकामा करा, 'डिस्क क्लीनअप' चालवा, दोनदा ठेवलेले सिनेमे काढा. कित्येक घरांत दुखणे इथेच संपते.

२. प्रत्येक थांब्यावर माणसे चढतात-उतरतात का? डिफ्रॅग चालू असताना मागे गाणी, इंटरनेट, अँटिव्हायरस चालू असेल, तर डिस्कवर सतत नवे लिहिले जाते. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर अशा वेळी डिफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असे. म्हणून इंटरनेट तोडा, सगळे कार्यक्रम बंद करा. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये सुरुवातीला एफ-८ दाबून 'सेफ मोड'मध्ये जाता येते. तिथे अडथळे सर्वांत कमी. पेन ड्राइव्हमधून आलेला व्हायरसही डिस्कला उसंत देत नाही, तेव्हा आधी तो तपासून घ्या.

३. डिस्कच्या नोंदी ठीक आहेत का? आपल्याकडे वीज न सांगता जाते. चालू संगणक धाडकन बंद झाला की फाइलींच्या नोंदीत गोंधळ होतो आणि डिफ्रॅग तिथे अडकतो. 'माय कॉम्प्युटर'मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' आणि मग 'टूल्स'मध्ये जा. तिथे चूक तपासण्याची सोय आहे. ती चालवा, आणि मगच डिफ्रॅग. घरगुती यूपीएस काही मिनिटेच टिकतो, रात्रभर नाही. तो संगणक नीट बंद करण्यापुरता आहे हे ध्यानात ठेवा.

४. तार आणि वेग. जुन्या एक्सपी संगणकात एक गुपित आहे. डिस्कशी बोलताना वारंवार चुका झाल्या, की एक्सपी आपणहून वेग कमी करत जातो आणि शेवटी 'पीआयओ' या अगदी संथ पद्धतीवर येऊन थांबतो. चूक दूर झाली तरी वेग आपोआप परत येत नाही. आतली चपटी तार बदलून घ्या. 'डिव्हाइस मॅनेजर'मधून 'प्रायमरी आयडीई चॅनेल' काढून संगणक पुन्हा सुरू केला, की विंडोज ते नव्याने ओळखते आणि वेग परत येतो. हे जाणत्या माणसाच्या हातून करून घ्यावे.

५. डिस्कच थकली आहे का? डब्यातून टक-टक आवाज येतो, साधी फाइल उतरवतानाही संगणक गोठतो, तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडत नाही. ही लक्षणे दिसली, तर डिफ्रॅग अजिबात चालवू नका. आजारी माणसाला पोती उचलायला लावण्यासारखे ते आहे. उरलेला जीव कागद बाहेर काढण्यासाठी वापरा. बहुतेक घरगुती डिस्क साठ अंश सेल्सिअसपर्यंतच्याच उष्णतेसाठी बनवलेल्या असतात. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, धुळीने भरलेल्या डब्यात डिस्क फार तापते. पंखा आणि जाळी साफ ठेवणे हा फुकटचा उपाय आहे.

एक इशारा आणखी. अलीकडच्या संगणकांत फिरणाऱ्या तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नसते, म्हणून तुकडे विखुरले तरी फारसा फरक पडत नाही. उलट तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते. तिला बाहेरचे डिफ्रॅग सॉफ्टवेअर लावून झिजवू नये. विंडोजमधली सोय ती डिस्क ओळखून योग्य तेवढेच करते. फिरत्या डिस्कसाठीही विंडोज व्हिस्टापासून आठवड्याला एकदा हे काम आपोआप होण्याची सोय आहे. तेव्हा रोज-रोज डिफ्रॅग मारणे म्हणजे झाडलेले घर पुन्हा झाडणे.

आणि दुकानात जाताना? फॉरमॅट मारल्याने संगणक हलका होतो खरा, पण त्या ड्राइव्हवर होते नव्हते ते जाते. थकलेली डिस्क त्याने बरी होत नाही, आणि पैसे मात्र खर्च होतात. म्हणून डबा हाती देण्याआधी स्पष्ट सांगा, "आतला डाटा राहिला पाहिजे. काही पुसायचे असेल तर आधी विचारा." ते पावतीवर लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी डिस्क मागून घरी आणा. तिच्यात आपले कागद आहेत.

डबा जुना असला तरी चालेल, संथ असला तरी चालेल. आत ठेवलेले मुलांचे कागद मात्र आणखी एका ठिकाणी असलेच पाहिजेत. आज संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि ते एवढे काम करून टाका. डिफ्रॅग उद्या लावला तरी चालेल.