वाशीहून निघणारी ‘गाय’

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य अवघे ६ तास. आज सकाळी मुंबईत भरलेली कुपी उद्या सकाळी तंजावरच्या रुग्णालयात पोचली, तरी तिच्यात सोळावा हिस्साच उरलेला असणार. वाशीच्या ‘ब्रिट’ने, म्हणजे १९८९ साली स्थापन झालेल्या विकिरण व आयसोटोप तंत्रज्ञान मंडळाने, यावर काढलेला तोडगा जगभर चालतो तोच: टेक्नेशियमऐवजी त्याचा जनक मॉलिब्डेनम-९९ पाठवायचा. त्याचे अर्धायुष्य ६६ तास.

तो जातो शिशाने मढवलेल्या जनरेटरमधून, आणि त्यात सहसा ॲल्युमिनाचा छोटा स्तंभ असतो. मॉलिब्डेनम त्याला धरून बसते, टेक्नेशियम सलाइनबरोबर धुऊन बाहेर येते. या क्षेत्रातले लोक जनरेटरला ‘गाय’ म्हणतात. धार काढली की पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो; म्हणून दूध रोज सकाळी.

छोट्या स्तंभाला मात्र युरेनियमच्या विखंडनातून मिळणारे तीव्र किरणोत्सारी मॉलिब्डेनम लागते. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत साधे मॉलिब्डेनम न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवले, तर किरणोत्सारी अणू मूठभर आणि बाकीचे साधेच. त्यामुळे आपल्याकडे बरीच वर्षे मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम ओढून घेत. पुढे झिर्कोनियम मॉलिब्डेट जेलचा स्तंभही आला.

टेक्नेशियम शरीरात कुठे जाणार, हे त्याला कशाशी जोडले यावर ठरते. १९८०च्या दशकात संशोधकांनी ते सुक्राल्फेटला जोडून पाहिले. हे औषध जठरव्रणाच्या उघड्या जखमेतल्या प्रथिनांना चिकटते. रुग्णाने ते प्यायले की गॅमा कॅमेऱ्यात व्रणाची जागा उमटे. पण एंडोस्कोपने व्रण डोळ्यांनी दिसतो, तुकडाही काढता येतो. त्यापुढे हे चित्र फिके पडले. त्यातच मार्शल आणि वॉरन या संशोधकांनी व्रणाचे कारण म्हणून हेलिकोबॅक्टर जिवाणूकडे बोट दाखवले आणि व्रण कुठे आहे यापेक्षा जिवाणू आहे का, हे विचारले जाऊ लागले. त्याचे उत्तर कार्बन-१४ युरिया घेतल्यावर सोडलेल्या श्वासातून मिळते.

तरीही एका व्रणासाठी ही गाय आजही लागते. काही मुलांच्या लहान आतड्याला जन्मतःच मेकेलची पिशवी असते आणि तिच्यात कधी जठराचे अस्तर सापडते. त्यातल्या आम्लाने शेजारचे आतडे सोलवटते, रक्त जाते; नेहमीची एंडोस्कोपी तिथवर सहसा पोचत नाही. जनरेटरमधून निघालेले टेक्नेशियम, कशालाही न जोडता, जठराच्या अस्तराकडे आपण होऊन ओढले जाते. शिरेतून टोचले की पोटात जठराखेरीज दुसरा ठिपका उमटतो, आणि शस्त्रक्रिया कुठे करायची ते सर्जनला कळते.