घर घेताना भीड नको

‘घर पाहावे बांधून’ या म्हणीत घर बांधणाराची दैना सांगितली आहे. बांधलेले घर विकत घेणाराविषयी ती काही बोलत नाही. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम, पतपेढीचे कर्ज आणि प्रसंगी घरातले सोने एकत्र करून तयार घर घेणारे शिक्षक व कारकून थोडे नाहीत. आयुष्यातील हा सर्वांत मोठा व्यवहार. पण त्याची पाहणी पुष्कळदा अर्ध्या तासात उरकली जाते. विकणारा ओळखीचा असतो, त्याच्या घरचा चहा झालेला असतो; मग भिंत ठोकून पाहिली तर त्याला काय वाटेल, ही भीड आड येते.

कायदा ही भीड जाणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही कळला नसता, असा महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. याचा दुसरा अर्थ उघड आहे. डोळे उघडे ठेवले असता जो दोष दिसला असता, त्याबद्दल पुढे तक्रार चालणे कठीण. स्थावर संपदा कायद्याने (२०१६) बांधकामातील दोषांबाबत ताब्यापासून पाच वर्षे जबाबदारी ठेवली ती विकासकावर. मालकाकडून जुने घर घेणाराला तिचा आधार नाही.

मग पाहावयाचे काय? आधी जमीन. सातपुडा आणि तापी यांमधील या पट्ट्यात काळी माती विपुल. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घराला हलवते. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि रुंद होत गेलेली भेग ही त्याची खूण. गिलाव्यावरची केसासारखी भेग निराळी, भिंतीच्या आरपार गेलेली निराळी. दारे चौकटीत अडकतात का, फरशी खचली आहे का, हेही पाहावे. एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर कारण विचारावे. जोत्यालगत लोणा लागला असेल, तर जमिनीतील ओल वर चढते आहे असे समजावे. घर जुने, धाब्याचे असेल तर तुळया ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर वाळवीचा संशय धरावा. गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे धाब्यावर टाकलेल्या मातीचा भारही त्याच लाकडांवर असतो.

एक फेरी उन्हाळ्यात आणि शक्य तर एक भर पावसात मारावी. उन्हाळा भेगा दाखवितो, पाऊस गळती दाखवितो. पाणी कोठे तुंबते, नळ किती दिवसांआड येतो, हे शेजाऱ्याला विचारावे. घर विकले गेल्याने त्याचा नफा-तोटा होत नसल्यामुळे तो बहुधा खरे सांगतो.

बँकेचा मूल्यमापक घर पाहून गेला म्हणून निर्धास्त राहू नये. तो बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहतो, आपल्या संसाराची नव्हे. स्वतःचा अभियंता नेण्यास पडणारे शुल्क घराच्या किमतीपुढे क्षुल्लक आहे. पगारदारांच्या पतपेढ्यांनी गृहकर्ज देताना कागदपत्रांबरोबर असा अहवाल मागितला, तर सभासदांची भीड आपोआप मोडेल. ‘संस्थेचा नियम आहे’ म्हटले की विकणाराही रागावणार नाही.

भीड भिकेची बहीण, असे आपण मुलांना शिकवितो. इसार देण्यापूर्वी ते स्वतःलाही एकदा बजावावे.