वनमालेचा वेष

वेषांतर आणि त्यातून होणारी ओळखीची चूक यांच्या आधारावर जगातील किती सुखान्त नाटके उभी आहेत याची गणना करणे कठीण. मराठी रंगभूमीपुरते बोलावयाचे तर या प्रकारात पहिला मान कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ या नाटकास द्यावा लागेल. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ते प्रथम रंगभूमीवर आणले. मॉरिशसला आलेले आपले बहुतेक पूर्वज कोकणचा किनारा सोडून निघाले, तेव्हा संगीत नाटक जन्मासही आले नव्हते. त्यांच्याबरोबर झाकरी आली, अभंग आले. भामिनी व धैर्यधर यांची ओळख आपणांस पुस्तकांतून व ध्वनिमुद्रिकांतून करून घ्यावी लागली.

कथानक सरळ आहे. श्रीमंत घरची कन्या भामिनी हिच्यासाठी शूर परंतु निर्धन सेनापती धैर्यधर योजिला जातो. केवळ दारिद्र्यामुळे ती त्यास नाकारते, आणि मानी धैर्यधराच्या मनाला हा अपमान झोंबतो. पुढे ‘वनमाला’ या नावाने, गरीब मुलीच्या वेषात ती त्याच्या सहवासात येते व त्याच्यावर अनुरक्त होते. एकीकडे धनाढ्य लक्ष्मीधर आपल्या संपत्तीचा तोरा मिरवीत असतो आणि संकटाची चाहूल लागताच त्याची गाळण उडत असते. प्रेक्षकांचे हसू मुख्यतः त्याच्याच वाट्याला येते.

वर्गात हे कथानक सांगू लागलो की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, साडी बदलल्याने चेहरा कसा बदलेल?” शंका रास्त आहे. नाट्यसंकेत म्हणून तिचे उत्तर देता येते. पण खाडिलकरांचे खरे उत्तर अधिक मार्मिक आहे असे मला वाटते. या नाटकात माणसे चेहरा पाहतच नाहीत, ती वस्त्र पाहतात. धैर्यधराला नाकारताना भामिनीने तरी दुसरे काय पाहिले होते? जाडेभरडे लुगडे अंगावर आल्यानंतरच तिला वस्त्रापलीकडचा पुरुष दिसतो. त्या वेषाने फसतो धैर्यधर, परंतु शहाणी होते भामिनी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची ओळख मळ्याच्या नोंदवहीतील क्रमांकाने होत असे, त्या आपणांस हा प्रसंग केवळ विनोदाचा वाटत नाही.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. खाडिलकर हे लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’तील सहकारी. त्यांचे १९०७ सालचे ‘कीचकवध’ नाटक सरकारने १९१० मध्ये बंद पाडले, कारण कीचकाच्या रूपात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. ते नाटकही वेषांतराचेच! त्यात राणी द्रौपदी सैरंध्री होऊन दासीपण पत्करते. तोच नाटककार वर्षभरात श्रीमंत कन्येला वनमाला करून हसत-खेळत उभी करतो. विषय हलका झाला, परंतु मानाचा प्रश्न सुटला नाही. नाटकाच्या नावातच तो आहे.

रंगमंचावर तर वेषांतर आणखी एका पदराने वाढलेले असे. भामिनीची भूमिका करीत बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. पुरुष भामिनी होई, आणि ती भामिनी वनमाला होई! पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही कन्या निवर्तली होती. तरीही प्रयोग झाला. प्रेक्षकांसमोर लाडिक भामिनी वावरत होती, आणि त्या वेषाआड एक पिता होता. गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्यांच्या ढंगाने बांधलेल्या चालींमुळे या नाटकाची पदे घरोघर पोचली. पुढे ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी व केशवराव भोसले धैर्यधर. केशवराव एके काळी ‘शारदा’ नाटकातील शारदा म्हणून गाजलेले! त्याच वर्षी ऑक्टोबरात ते दिवंगत झाले.

२०२५ साली या कथेवर मराठी चित्रपटही आला. तरीही आपल्या वार्षिक नाट्यस्पर्धेतील तरुण मंडळींनी मूळ संहिता एकवार वाचावी अशी विनंती आहे. सर्व पदे पेलणार नाहीत, चार-पाच निवडावीत. भामिनीसाठी गळा असलेली मुलगी शोधावी, आणि लक्ष्मीधराचे काम सर्वांत चांगल्या नटाकडे द्यावे. ते सोपे दिसते, सोपे नाही.